तहरीर चौकानंतरचा इजिप्त : माणसं बोलायला लागली तेव्हा काय काय बदललं?

वाळूघड्याळ (धागाकर्ती)

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं होतं, "इजिप्तमध्ये एवढी क्रांती झाली आणि शेवटी लष्करच आलं, मग मिळवलं काय?" तिथेच उत्तर लिहायला बसले, पण ते लांबतच गेलं. म्हणून वेगळा धागा काढतेय.

मी २००८ ते २०१४ कैरोत राहिले. नवऱ्याची नोकरी तिथे होती, मुलगी तेव्हा लहान. आमचं घर दोक्कीत, म्हणजे नाईलच्या पश्चिमेला. पूल ओलांडले की तहरीर चौक. आपल्याकडे "भिंतींना कान असतात" म्हणतात ना, अगदी हुबेहूब तीच म्हण इजिप्तमध्येही आहे, आणि पहिली दोन-अडीच वर्षं आम्ही ती जगलो. भाजीवाला महागाईवर बोलायचा, टॅक्सीवाला ट्रॅफिकवर बोलायचा, पण "सरकार" हा शब्द आला की दोघंही विषय बदलायचे. १९८१ पासून मुबारक सत्तेवर आणि तेव्हापासूनच आणीबाणीचा कायदा लागू. तिशीच्या आतल्या माणसाने दुसरा राष्ट्राध्यक्ष पाहिलेलाच नव्हता.

२८ जानेवारी २०११, शुक्रवार. आदल्या रात्रीपासून इंटरनेट बंद, सकाळी मोबाईलही बंद. फक्त लँडलाइन चालू होती, त्यामुळे पुण्याहून आईचा फोन येऊ शकला. खिडक्या घट्ट लावूनही अश्रुधुराने मुलीचे डोळे चुरचुरत होते. शेजारणीने व्हिनेगरमध्ये भिजवलेला रुमाल आणि चिरलेला कांदा आणून दिला. आणि सरकारी टीव्हीवर काय दिसत होतं? नाईलवरचा एक शांत पूल. कॅमेरा तिथेच खिळवलेला, कितीतरी वेळ.

संध्याकाळपर्यंत पोलीस रस्त्यांवरून गायब झाले. तुरुंग फुटल्याच्या बातम्या आल्या. मग गल्लीगल्लीत माणसं खाली उतरली. "लिगान शाबिया" म्हणजे लोकसमित्या. आमच्या इमारतीखाली दुसऱ्या मजल्यावरचे दंतवैद्य, तळमजल्यावरचे निवृत्त शिक्षक, कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आणि आमचे बव्वाब, म्हणजे इमारतीचे राखणदार, असे सगळे बसले. हातात झाडूचे दांडे, स्वयंपाकघरातल्या सुऱ्या, ओळख म्हणून दंडाला पांढरं फडकं. बव्वाब वरच्या इजिप्तमधले, म्हणजे दक्षिणेकडचे, सावळे, पन्नाशीचे. इतक्या वर्षांत दंतवैद्यांनी त्यांना गाडी पुसायला सांगण्यापलीकडे कधी बोलल्याचं मी पाहिलं नव्हतं. त्या रात्री दोघं एका बाकावर बसून एकाच किटलीतला चहा पीत होते. गल्लीत कोण राहतं आणि कोण उपरा, हे फक्त बव्वाबांना ठाऊक. त्यामुळे कुणाला आत सोडायचं ते तेच ठरवत होते आणि डॉक्टर त्यांचं ऐकत होते.

पहाटे तीनला मी वरून खाली बघत होते. निवृत्त शिक्षक मोठ्याने, अगदी मोठ्याने, म्हणाले की आमच्या मुलांच्या भाकरीचे पैसे कुणी खाल्ले ते आता विचारलंच पाहिजे. म्हटलं तर साधंच वाक्य. पण ते भर रस्त्यात, आवाज न दाबता, कुणी मागे वळून न बघता बोललं गेलं. माझ्यासाठी क्रांती म्हणजे ते वाक्य. चौकात नंतर जे झालं ते जगाने पाहिलं. गल्लीतलं हे कुणी पाहिलं नाही.

तर प्रश्न असा, की हा आवाज पुढे कुठे गेला? तुम्हाला जे माहीत आहे ते लिहा. मीही लिहीत राहीन.

संपादनडेस्क

उत्तम धागा. मी तेव्हा एका मराठी दैनिकात आंतरराष्ट्रीय पानावर होतो. २५ जानेवारी ते ११ फेब्रुवारी २०११, म्हणजे निदर्शनं सुरू झाल्यापासून मुबारक जाईपर्यंतचे ते अठरा दिवस आम्ही रोज पान बदलून बदलून लावलं. माध्यमांबद्दल लिहितो.

'अल-अहराम' हे १८७५ पासूनचं वर्तमानपत्र. सप्टेंबर २०१० मध्ये त्यांनी वॉशिंग्टनच्या शांतताचर्चेचा फोटो छापला. मूळ फोटोत ओबामा सगळ्यांच्या पुढे आणि मुबारक मागे चालत होते. यांनी मुबारकना उचलून सर्वांच्या पुढे आणलं. ब्लॉगवाल्यांनी ते पकडलं, तेव्हा संपादकांनी हा फोटो "अभिव्यक्तिवादी" असल्याचं सांगून समर्थन केलं. त्यानंतर पाच महिन्यांत, १२ फेब्रुवारी २०११ ला त्याच पेपरची पहिल्या पानावरची मोठी ओळ होती : "जनतेने राजवट उलथवली". तो अंक मी इंटरनेटवर बराच वेळ बघत बसलो होतो. एका रात्रीत पेपर बदलत नाही, मालक बदलतो. सरकारी माध्यमांना सवय लागलेली असते वर बघायची. त्या दिवशी वर जनता होती, एवढंच.

पण मधल्या दिवसांत व्यक्तीव्यक्तींनी जे केलं ते खरं. नाईल टीव्हीच्या शाहिरा अमीन यांनी ३ फेब्रुवारीला नोकरी सोडली आणि सांगितलं की मला चौकातल्या लोकांच्या बाजूने उभं राहायचं आहे. चालत्या नोकरीत हे करायला काय लागतं, ते या धंद्यातल्या माणसाला बरोबर कळतं.

गिरणगावकर

धागाकर्त्या ताई, गल्लीचं वर्णन वाचून अंगावर काटा आला.

एक गोष्ट मात्र दरवेळी राहून जाते, ती लिहितो. सगळे "फेसबुक क्रांती" म्हणतात. खालिद सईद या तरुणाला जून २०१० मध्ये अलेक्झांड्रियात पोलिसांनी मारहाण करून मारलं, त्याच्या नावाने फेसबुकवर पान निघालं, ते चालवणारा वाएल घोनीम, लोकांना चौकात बोलावणारा अस्मा महफूझ या तरुणीचा व्हिडिओ, हे सारं खरंच आहे. पण तरुणांच्या "६ एप्रिल" चळवळीचं नाव कुठून आलं? ६ एप्रिल २००८ ला महल्ला अल-कुब्रा या गिरणीगावात संपाची हाक होती, त्यावरून. तिथली मिस्र स्पिनिंग अँड वीव्हिंग १९२७ ची. डिसेंबर २००६ मध्ये तिथे थकलेल्या बोनससाठी वीस हजारांहून जास्त कामगार संपावर गेले आणि सुरुवात बायकांनी केली. शिवणखात्यातल्या बायका यंत्रं सोडून बाहेर आल्या आणि ओरडल्या, "बायका इथे आहेत, पुरुष कुठे आहेत?" २००८ मध्ये त्याच गावात लोकांनी मुबारकचं पोस्टर खाली पाडून पायदळी तुडवलं. चौकाच्या तीन वर्षं आधी!

माझे वडील लालबागच्या गिरणीत होते. बारीक सुताच्या खात्यात इजिप्तचा लांब धाग्याचा कापूस यायचा, तो हाताला रेशमासारखा लागतो असं ते सांगायचे. १९८२ च्या संपानंतर ते परत गिरणीत गेले नाहीत. म्हणून महल्लाची बातमी मी तेव्हापासून बघत होतो. फेब्रुवारी २०११ च्या दुसऱ्या आठवड्यातही बसचालक, सुएझ कालव्याच्या सेवा कंपन्यांचे कामगार, गिरण्या, सगळीकडे संप सुरू झाले, आणि दोन-तीन दिवसांत मुबारक गेले. चौकाने सरकारची झोप उडवली, कामगारांनी त्याची चाकं थांबवली. ३० जानेवारीला, ऐन गर्दीत, स्वतंत्र कामगार संघटनांचा महासंघ चौकातच जाहीर झाला. सार्वजनिक जीवनात काय बदललं विचाराल तर माझं पहिलं उत्तर हे : सरकारी युनियनला न विचारता संघटना काढता येते, हे माणसांना कळलं.

मध्यमा

"एश, हुर्रिया, अदाला इग्तिमाइया" या घोषणेचा नेमका अर्थ काय? आणि बायकांचं काय झालं? चौकात बायकांवर हल्ले झाल्याचंच जास्त आठवतंय.

वाळूघड्याळ

मध्यमा, "भाकरी, स्वातंत्र्य, सामाजिक न्याय". "एश" शब्द फार सुंदर आहे. बाकीचे अरब भाकरीला खुब्झ म्हणतात, इजिप्शियन माणूस "एश" म्हणतो, आणि त्याच शब्दाचा अर्थ जगणं. त्यामुळे घोषणेतला पहिला शब्द पोटाचाही होता आणि जगण्याचाही.

बायकांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण ते मी जवळून पाहिलंय.

त्या अठरा दिवसांत मी दोनदा चौकात गेले, दिवसाउजेडी, शेजारणीबरोबर. आत शिरताना बायकांची झडती बायकाच घेत होत्या आणि "माफ करा हं, तुमच्याच सुरक्षेसाठी" म्हणत होत्या. एरवी त्याच रस्त्यावर मी पर्स छातीशी धरून, मान खाली घालून चालायचे. त्या दिवशी एकानेही त्रास दिला नाही. पण ११ फेब्रुवारीच्या रात्री, मुबारक गेल्याच्या जल्लोषातच, एका परदेशी महिला पत्रकारावर तिथेच सामूहिक हल्ला झाला. ८ मार्चला महिलादिनाचा मोर्चा चौकात आला, तर पुरुषांच्या घोळक्याने "घरी जा" म्हणून हाकलला. दुसऱ्या दिवशी लष्कराने चौक रिकामा केला, मुली पकडल्या आणि कोठडीत त्यांच्या "कौमार्य चाचण्या" केल्या. त्यातल्या समीरा इब्राहिमने लष्करावर खटला भरला. इजिप्तमध्ये, लष्करावर, एका मुलीने! डिसेंबरमध्ये न्यायालयाने लष्करी तुरुंगांत अशा चाचण्यांना बंदी केली. पुढे चाचण्या केल्याचा आरोप असलेल्या लष्करी डॉक्टरला लष्करी न्यायालयाने सोडून दिलं, तेही सांगायला हवं.

आमच्या शेजारणीची मुलगी विद्यापीठात शिकत होती. २०१२ च्या शेवटी ती अशा एका गटात गेली, जो मोर्च्यांच्या वेळी हेल्मेट आणि भडक रंगाची जाकिटं घालून उभा राहायचा आणि वेढल्या गेलेल्या बायकांना बाहेर काढायचा. एका रात्री ती परत आली तेव्हा जाकिटाची एक बाही फाटलेली होती. आईने काही न बोलता सुईदोरा घेतला आणि तिथेच, दारात, ती शिवायला बसली. आधी हीच आई मुलीला "रस्त्यावर कुणी काही म्हटलं तर घरी सांगू नको, बाबांना त्रास होतो" म्हणायची.

२०१३ च्या संयुक्त राष्ट्रांच्या पाहणीत ९९.३ टक्के बायकांनी छळ सोसल्याचं सांगितलं. म्हणजे जवळजवळ प्रत्येकीने. तोपर्यंत त्या देशाच्या कायद्यात "लैंगिक छळ" हा गुन्हाच नव्हता; जून २०१४ मध्ये तो पहिल्यांदा आला. आणि २०२० मध्ये इन्स्टाग्रामवरच्या एका खात्यावर मुलींनी एका तरुणाबद्दल तक्रारी लिहिल्या, तेव्हा त्याला अटक झाली आणि तक्रारदार बायकांची नावं गुप्त ठेवण्याचा कायदा झाला. त्या मुली चौकात नव्हत्या, तेव्हा शाळेत होत्या. पण "घरी सांगू नको" हे त्यांनी ऐकलं नाही.

बंदरवाला

मी थोडा विरोधात लिहिणार आहे. राग मानू नये.

जहाज व्यवसायात असल्याने पोर्ट सैद, दमियेत्ता, अलेक्झांड्रिया इथे २००५ पासून येणं-जाणं. चौकातल्या मुलांबद्दल आदर आहेच. पण इजिप्तमध्ये एक शब्द तयार झाला होता, "हिझ्ब-अल-कनबा", म्हणजे सोफा पार्टी. घरात टीव्हीसमोर बसून सगळं बघणारा माणूस. देश त्यांचाच होता. २०१० मध्ये जवळजवळ दीड कोटी पर्यटक आले होते, २०११ मध्ये एक कोटीही नाहीत. परकीय गंगाजळी ३६ अब्ज डॉलरवरून दोन वर्षांत १५ वर आली. आमचा अलेक्झांड्रियाचा जुना एजंट पहिल्या महिन्यात नाचला होता. दुसऱ्या वर्षी म्हणाला, "मला आता स्वातंत्र्य नको, मला डिझेल हवंय." फेब्रुवारी २०१२ मध्ये पोर्ट सैदच्या फुटबॉल मैदानावर सत्तरहून जास्त पोरं मेली. मी आठवड्याने त्या बंदरात होतो. दुकानदार आमच्याशी डोळे मिळवत नव्हते. अख्खं शहर खुनी ठरलं होतं आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण नाही, दुसऱ्या कुणीतरी केलं.

अशा माणसाने २०१३ मध्ये लष्कराकडे बघितलं तर त्याला मी मूर्ख म्हणू शकत नाही.

वाळूघड्याळ

बंदरवाला, राग कसला. आमच्या इमारतीत अर्धे तेच म्हणत होते आणि ती माणसं वाईट नव्हती.

पण लोक आपोआप घाबरले नाहीत, त्यांना घाबरवलंही गेलं आणि त्यात माध्यमांचा मोठा हात होता. ९ ऑक्टोबर २०११ ला मास्पेरोसमोर, म्हणजे सरकारी टीव्हीच्या इमारतीसमोर, कॉप्टिक ख्रिश्चनांचा मोर्चा होता. लष्करी गाड्या माणसांवरून गेल्या, पंचवीसहून अधिक मेले. आणि त्याच इमारतीतून निवेदिका सांगत होती की "सभ्य नागरिकांनी" लष्कराच्या रक्षणासाठी बाहेर यावं. क्रांतीच्या त्या अठरा दिवसांत ख्रिश्चनांनी हात धरून कडं केलं होतं आणि आत मुसलमान नमाज पढत होते. नऊ महिन्यांत हे.

जून २०१२ मध्ये तर टीव्हीवर जाहिरात आली : एक परदेशी माणूस कॅफेत येतो, तरुणांशी गप्पा मारतो, ते देशाच्या अडचणी सांगतात आणि तो गुप्तहेर असतो. टीका झाल्यावर ती मागे घेतली. पण आमच्यापुरतं काम झालं होतं. आमच्या नेहमीच्या अहवात, म्हणजे चहा-कॉफीच्या टपरीवजा हॉटेलात, नवऱ्याला चार वर्षं ओळखणारा पोऱ्या पहिल्यांदा विचारता झाला, "तुम्ही नक्की काय काम करता?"

संपादनडेस्क

या जाहिरातीबद्दल वाचलं होतं, पण तिथे राहणाऱ्या परदेशी माणसाकडून पहिल्यांदाच ऐकतोय.

२०११ ते २०१३ या काळाला मी इजिप्तच्या पत्रकारितेचा उन्हाळी पाऊस म्हणेन. २ मार्च २०११ च्या रात्री पंतप्रधान अहमद शफीक एका खाजगी वाहिनीवर चर्चेला बसले. समोर एक नामवंत कादंबरीकार, पेशाने दंतवैद्य. त्याने पंतप्रधानांना तोंडावर विचारलं की तुमचा मुलगा मेला असता तर तुम्ही असेच बोलला असता का. पंतप्रधान चिडले, तोल गेला, देशाने ते थेट पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा राजीनामा. बासेम युसुफ या हृदयशल्यविशारदाने त्याच महिन्यात घरातल्या कपडे धुण्याच्या खोलीतून यूट्यूबवर विडंबन सुरू केलं आणि अरब जगातला सगळ्यात मोठा कार्यक्रम झाला. २०१२ मध्ये निवडून आलेले मुस्लिम ब्रदरहूडचे राष्ट्राध्यक्ष मोर्सी यांच्या काळात त्याला चौकशीला बोलावलं, पण कार्यक्रम चालू राहिला. जून २०१४ मध्ये, माजी लष्करप्रमुख सीसी राष्ट्राध्यक्ष होताना, तो बंद झाला. यातच सगळं आलं.

आणि मग झाकण बसलं. नोव्हेंबर २०१३ चा निदर्शनबंदीसारखा कायदा, डिसेंबरमध्ये अल जझीराचे तीन पत्रकार आत. २०१७ मध्ये शेकडो संकेतस्थळं अडवली गेली, त्यात 'मदा मस्र' हे स्वतंत्र बातम्यांचं संकेतस्थळही. २०१८ च्या कायद्याने पाच हजारांहून जास्त अनुयायी असलेलं साधं फेसबुक खातंसुद्धा प्रसारमाध्यम धरलं जाऊ लागलं, म्हणजे बंद करता येतं. बहुतेक मोठ्या वाहिन्या गुप्तचर खात्याशी संबंधित एकाच कंपनीखाली आल्या. मुबारकच्या काळातही खाजगी पेपर थोडीफार टीका करायचे. आज तेवढीही जागा नाही. हे मी जबाबदारीने लिहितोय.

एप्रिल २०११ मध्ये अण्णा हजारे जंतरमंतरवर बसले तेव्हा आमच्या वाहिन्यांनी "भारताचा तहरीर" म्हणायला सुरुवात केली होती. माझ्या पानावर मी तो मथळा होऊ दिला नाही. तिथे माणसं गोळ्या खात होती.

रानजाई

१४ ऑगस्ट २०१३, रबा चौक. त्याबद्दल कुणीच लिहिलं नाही?

वाळूघड्याळ

रानजाई, मी टाळत होते.

मोर्सींना ३ जुलैला लष्कराने हटवलं तेव्हा आमच्या गल्लीत फटाके वाजले. ज्यांनी ते वाजवले त्यांतले काही २०११ च्या त्या रात्री खाली बसलेले होते. रबामध्ये मोर्सींचे समर्थक सहा आठवडे बसले होते, बायकामुलांसकट. १४ ऑगस्टला एका दिवसात किमान ८१७ माणसं मारली गेली, असं ह्यूमन राइट्स वॉचने नोंदवलंय. टीव्हीच्या कोपऱ्यात इंग्रजीत पट्टी होती, इजिप्त दहशतवादाशी लढतोय म्हणून. आमचे निवृत्त शिक्षक, भाकरीचं वाक्य म्हणणारे तेच, त्यांचा भाचा तिथे होता. ते दुसऱ्या दिवशी जिन्यात भेटले. दंतवैद्य वरून उतरत होते. दोघांनी एकमेकांना सलाम केला नाही. दंतवैद्य भिंतीकडे सरकले, शिक्षक कठड्याकडे, आणि दोघं आपापल्या वाटेने गेले. बव्वाब खाली बाक पुसत होते. तो बाक त्यांनी नंतर आत नेऊन ठेवला.

आम्ही पुढच्या वर्षी परत आलो. पण त्याआधीच लोक पुन्हा हळू बोलायला लागले होते.

गिरणगावकर

ताई, हे लिहिल्याबद्दल आभार. काही बोलवत नाही.

फक्त एक. सवलतीची बलदी, म्हणजे देशी, भाकरी अनेक दशकं पाच पियास्त्रला होती (शंभर पियास्त्रांचा एक इजिप्शियन पौंड). ती पाचाच्या वर न्यायची मुबारकची हिंमत झाली नाही, १९७७ मध्ये त्याच्या आधीचा राष्ट्राध्यक्ष सादात याने भाकरीच्या सवलतीला हात लावायचा प्रयत्न केला तर दंगली झाल्या. जून २०२४ मध्ये ती वीस पियास्त्र झाली, आणि रस्त्यावर कुणी आलं नाही. लोकांना राग आला नसेल असं मला वाटत नाही.

मध्यमा

थोडं अवांतर. डिसेंबरमध्ये आम्ही टूरबरोबर इजिप्तला चाललोय. तहरीरला गाडीतून जाता जाता दाखवणार आहेत. तिथे त्या दिवसांची काही खूण आहे का? मुलाला दाखवायचंय.

वाळूघड्याळ

चौकात नाही. मधोमध रामसेसचा स्तंभ आणि कर्नाकहून आणलेले चार मेंढ्याच्या डोक्याचे स्फिंक्स दिसतील, ते २०२० मध्ये बसवले. मुबारकच्या तेव्हाच्या सत्ताधारी पक्षाची जळलेली इमारत २०१५ मध्ये पाडली. महंमद महमूद रस्त्यावरची चित्रं रंग फासून पुसली गेली. २०१२ मध्ये तिथल्या रस्त्यांवर लष्कराने काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या भिंती उभ्या केल्या होत्या, तर कलाकारांनी त्यांच्यावर भिंतीपलीकडचा रस्ता जसाच्या तसा रंगवला : झाडं, इमारती, फुटपाथ. लांबून बघितलं तर भिंत नाहीच असं वाटायचं. माझी मुलगी एकदा त्यात चालत जाणार होती. त्या भिंतीही आता नाहीत. चौकात फोटो काढताना पोलिसांचा काढू नका, आणि टूर गाइडला गर्दीत २०११ बद्दल विचारू नका. त्याला अडचणीत टाकाल.

पण वेळ मिळाला तर मेट्रोने जा. चौकाखालचं स्थानक सादात. तिथून पहिल्या लाइनने उत्तरेकडे बसायचं. पुढचं स्थानक नासर, मग ओराबी. त्यापुढे रामसेस चौकाखालचं मोठं स्थानक येतं, गाड्या बदलायचं. आम्ही राहायला गेलो तेव्हा त्याचं नाव मुबारक होतं. २०११ मध्ये लोकांनी ते पाट्यांवर हातानेच खोडून टाकलं होतं. मग सरकारला बदलावं लागलं, आणि नंतर कितीही सरकारं आली तरी ते नाव परत फिरलं नाही. आजही पाटीवर "अश-शुहदा" आहे, म्हणजे शहीद.

मुलाला तिथे उतरवा.